बडगामचा मेजर
सन १९४७ च्या ऑक्टोबरअखेरीस बारामुल्ला हस्तगत करून पाकिस्तानातून चालून आलेले टोळीवाले श्रीनगरच्या रोखाने निघाले, तेव्हा काश्मीर खोऱ्याचे भवितव्य श्रीनगरच्या विमानतळावर अवलंबून होते; कारण दिल्लीहून निघालेले शिपाई आणि दारूगोळा वेळेवर उतरण्यास दुसरा ठाव नव्हता, आणि तो एकदा शत्रूच्या ताब्यात गेला असता तर पुढची कुमक उतरणार तरी कोठे?

४ कुमाऊँ पलटणीच्या डी कंपनीचे नायक मेजर सोमनाथ शर्मा ३१ ऑक्टोबरला याच विमानतळावर उतरले. हॉकी खेळताना दुखावलेला त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. अशा अधिकाऱ्यास मागे ठेवणे रीतसर ठरले असते, परंतु आपली कंपनी लढाईवर निघाली असता आपण छावणीत बसणार नाही, असा त्यांनी आग्रह धरला. वय अवघे चोवीस. कांगड्याच्या या घराण्यात सैन्यसेवा परंपरेने चालत आलेली. वडील लष्करी डॉक्टर, मामा मलायाच्या रणात कामी आलेले, आणि स्वतः सोमनाथांनी आराकानची लढाई पाहिलेली.

३ नोव्हेंबरला तीन कंपन्या टेहळणीसाठी विमानतळाजवळच्या बडगाम गावी गेल्या. शत्रूची चाहूल न लागल्याने दोन परतल्या. शर्मांना दुपारी तीनपर्यंत थांबण्याचा हुकूम होता. अडीचच्या सुमारास गावातील घरांतून गोळीबार सुरू झाला, तेव्हा प्रत्युत्तर दिल्यास निरपराध ग्रामस्थ मारले जातील म्हणून त्यांनी आपल्या बंदुका आवरून धरल्या. हा संयम मला त्यांच्या शौर्याइतकाच मोलाचा वाटतो. इतक्यात गुलमर्गच्या दिशेने सुमारे सातशे टोळीवाले चालून आले आणि त्यांनी कंपनीस तीन बाजूंनी घेरून उखळी तोफांचा मारा आरंभला. एका शिपायामागे सात शत्रू असे ते प्रमाण होते.

शर्मांचा अखेरचा बिनतारी निरोप, शत्रू पन्नास यार्डांवर आला असला तरी आपण एक इंचही हटणार नाही, असा होता, आणि तोच आज सर्वतोमुखी आहे. परंतु त्याआधी त्यांनी जी साधी कामे केली, त्यांतच त्यांचे नेतृत्व अधिक प्रकट होते, असे मला वाटते. उघड्या मैदानातून, गोळ्यांच्या वर्षावात, ते एका तुकडीकडून दुसरीकडे धावत जाऊन शिपायांस धीर देत होते. आपल्या विमानांस लक्ष्य कळावे म्हणून शत्रूच्या डोळ्यांदेखत जमिनीवर कापडी पट्टे अंथरीत होते. आणि जखमी व मृत वाढून हलक्या मशिनगनी मंदावू लागल्या, तेव्हा हा कंपनीचा मुख्य अधिकारी उरल्या एका धड हाताने मॅगझिने भरून मशिनगन चालवणाऱ्यांच्या हाती देऊ लागला. वस्तुतः हे काम शिपायाचे. पण ज्या घटकेस तेच सर्वांत निकडीचे ठरले, त्या घटकेस त्यांनी हुद्द्याचा विचार केला नाही. त्या कामातच असताना उखळी तोफेचा गोळा शेजारच्या दारूगोळ्यावर पडला आणि ते धारातीर्थी पडले.

त्यांच्यामागे त्यांची कंपनी लढत राहिली. मिळालेल्या अवधीत कुमक पोचली, विमानतळ वाचला, आणि ७ नोव्हेंबरला शालटेंग येथे टोळीवाल्यांचा मोड झाला.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्राची स्थापना झाली आणि त्याचे पहिले मानकरी मेजर शर्मा ठरले. इंद्राची वज्रे कोरलेल्या त्या पदकाचे रेखाटन महाराष्ट्रीय सेनाधिकारी विक्रम खानोलकर यांच्या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या पत्नी सावित्रीबाई यांनी केले होते; त्यांच्या थोरल्या कन्येचे सासर याच शर्मा घराण्यातले.