पुरुषत्वाची पट्टी : उपयोग आणि अपाय



आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण कारखान्याच्या द्वारसभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा कामगार संघटनेचा मनुष्य औषधावर कशाला बोलतो, अशी शंका आपल्याला येणे रास्त आहे.

कारण असे. काही वर्षांपूर्वी रातपाळीचा एक कामगार आमच्या कचेरीत आला. वय चाळिशीच्या आतबाहेर. सदा थकवा, घरात चिडचिड, कशातच मन लागेना. कोणा एजंटाने त्याला सांगितले होते, "तुझे टेस्टोस्टेरॉन आटले आहे. परदेशी पट्टी चिकटव, पुन्हा विशीतला होशील." आगाऊ रक्कमही घेतली होती. रक्त मात्र कोणी तपासले नव्हते. त्याच सुमारास दुसरा एक तरुण भेटला. सोळाव्या वर्षी गालगुंड होऊन त्याची दोन्ही वृषणे सुजली व पुढे आकसली. दाढी विरळ, अंगात जोर नाही. पण लाजेपोटी दहा वर्षे तो दवाखान्याची पायरी चढला नव्हता. या दोघांपैकी औषधाची गरज कोणाला, हे समजून घेण्यासाठी आम्ही हा विषय वाचून काढला. तोच आपल्यापुढे मांडतो.

टेस्टोस्टेरॉन हे वृषणांत तयार होऊन रक्तात मिसळणारे संप्रेरक, म्हणजे हार्मोन होय. दाढीमिशा, घोगरा आवाज, स्नायू, हाडांची बळकटी, तांबड्या रक्तपेशींची निर्मिती आणि कामेच्छा यांत त्याचा हात असतो. १८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे बेर्टोल्ड या शास्त्रज्ञाने कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषणे काढली की तुरा सुकतो. ती त्याच पक्ष्याच्या पोटात पुन्हा रोवली की तुरा टिकतो, हे त्याने दाखविले. पुढे १९३५ साली अॅमस्टरडॅम येथे हे द्रव्य शुद्ध रूपात हाती आले आणि त्याच वर्षी बुटेनान्ट व रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनविले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषध सापडले, पण ते द्यावे कसे? साधे टेस्टोस्टेरॉन गोळीने पोटात गेले, की यकृत वाटेतच त्याचा निकाल लावते. सुईने दिले, तर आधी पातळी चढते आणि पुढचा डोस येईतो उतरते. म्हणून कातडीची वाट शोधली गेली. १९९३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली पट्टी वृषणकोशावर लावावी लागे, कारण तेथील कातडी पातळ. १९९५ साली मान्य झालेली पट्टी पाठ, पोट, दंड किंवा मांडी यांवर लावता येऊ लागली. ती रात्री लावायची आणि २४ तासांनी बदलायची. निरोगी पुरुषात हे संप्रेरक पहाटे-सकाळी चढते व संध्याकाळी उतरते; रात्री लावलेली पट्टी त्याच चालीने चालते.

ही पट्टी कोणासाठी? ज्याची वृषणे रोगाने, इजेने, शस्त्रक्रियेने वा कर्करोगाच्या औषधांनी निकामी झाली. ज्याला जन्मतःच क्लाइनफेल्टरसारखा दोष आहे. किंवा मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ज्याच्या वृषणांना हुकूमच देत नाही, त्याच्यासाठी. लक्षणे हवीतच, शिवाय दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी घेतलेल्या रक्तात पातळी कमी ठरली पाहिजे. रातपाळीवाल्याने आपली पाळी डॉक्टरांना आधी सांगावी, नाहीतर आकडा फसवतो. केवळ वय झाले म्हणून हे औषध मान्य केलेले नाही, असा स्पष्ट खुलासा अमेरिकेच्या औषध खात्याने २०१५ साली केला.

आता अपाय. सर्वांत जास्त तक्रार कातडीची : खाज, लाली, कधी फोड. म्हणून जागा रोज बदलावी आणि तीच जागा सात दिवस पुन्हा वापरू नये. काही पट्ट्यांच्या पाठीत अॅल्युमिनियम असते. एमआरआय तपासणीपूर्वी ती काढली नाही, तर कातडी भाजू शकते. अंगात मुरलेल्या औषधाचे अपाय वेगळे. मुरुमे येतात, छाती सुजते, पायांवर सूज चढते, रक्तदाब वाढतो, झोपेत श्वास अडकण्याचा विकार बळावतो. तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते. त्यांचे प्रमाण शंभरात ५४ च्या वर गेले की औषध थांबवावे लागते. प्रोस्टेटचा किंवा छातीचा कर्करोग असलेल्या पुरुषाला ही पट्टी वर्ज्य आहे. हृदयाविषयी फार वाद झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ५,२०० पुरुषांवरील चाचणीत हे औषध जेलच्या रूपाने दिले होते. हृदयविकाराचे झटके वाढल्याचे दिसले नाही. परंतु हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार अधिक आढळले.

एक अपाय तरुणांनी विशेष ध्यानात धरावा. पीयूषिका ही मुकादम आणि वृषणे हे तिचे खाते, असे समजा. तयार माल बाहेरून येतो असे दिसले, की मुकादम खात्याला काम देणे थांबवते. मग शुक्रजंतूंची निर्मिती घटते, कधी बंदच पडते. पुरुषत्व वाढविण्यासाठी म्हणून लावलेली पट्टी अशी बाप होण्याच्याच आड येते!

स्त्रियांच्या शरीरातही हे संप्रेरक थोड्या प्रमाणात असते. अंडाशय काढलेल्या स्त्रियांची कामेच्छा मंदावल्यास वापरण्याची पट्टी २००६ साली युरोपात मान्य झाली होती. २०१२ साली ती बाजारातून गेली. तिची मात्रा पुरुषांच्या मानाने फारच अल्प होती. पुरुषाची पट्टी स्त्रीने लावल्यास आवाज घोगरा होणे व चेहऱ्यावर केस येणे हे धोके आहेत. गर्भवतीने तर या औषधापासून दूरच राहावे.

आता त्या दोघांचे काय झाले? गालगुंडाच्या तरुणाचे रक्त तपासले, पातळी फारच खाली निघाली. डॉक्टरांनी त्याला इंजेक्शनांचा मार्ग दिला. औषध तेच, वाट निराळी. आज तो ताठ मानेने कामावर येतो. रातपाळीवाल्याची पातळी ठीक निघाली. त्याला झोप हवी होती. २०११ साली शिकागोत निरोगी तरुणांना आठ रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे टेस्टोस्टेरॉन दिवसा १० ते १५ टक्के उतरलेले आढळले. मग महिनोन्‌महिने रातपाळी करणाऱ्याला थकवा का येऊ नये? त्याच्या पाळ्या बदलून घेण्यासाठी आम्हाला व्यवस्थापनाशी तीन बैठका कराव्या लागल्या. एजंटाचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

कामशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने आपल्या देशात बंदी आहे. तरीही भिंती रंगतात, कारण आपण लाजतो आणि लाजणाऱ्याचे गिऱ्हाईक करणे सोपे असते. तेव्हा विनंती एवढीच : ज्याला उणीव आहे, त्याने न लाजता तपासून घ्यावे आणि ज्याला ती नाही, त्याने केवळ थकवा आहे म्हणून पट्टी लावू नये. त्या थकव्याचे कारण कामाच्या तासांतही शोधावे आणि ते सापडले तर आमच्याकडे यावे.