नळीतलं पाणी आणि दाताचं गळू

मुलाचा गाल सुजला, जबड्याखाली अवधाण आलं, की दातात पू झाला असं घरचेही म्हणतात आणि डॉक्टरही. बहुतेक वेळा ते खरंच असतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मात्र काही मुलांची सूज नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देईना. मुलं एकाच दंतचिकित्सालयात गेलेली, आणि सगळ्यांच्या किडक्या दुधाच्या दातावर पल्पोटॉमी, म्हणजे आतल्या मगजाचा वरचा रोगट भाग काढण्याचा उपचार, झालेला. सूज आणणारा जंतू निघाला मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, माती-पाण्यात राहणारा, क्लोरीनला सहसा न जुमानणारा. या घटनेच्या अहवालातली २० मुलं रुग्णालयात दाखल झाली, त्यांतल्या १७ जणांचा रोगट भाग कापून काढावा लागला. त्या दंतचिकित्सालयातल्या सातही खुर्च्यांच्या पाण्यात मिलिलिटरमागे सरासरी ९१,३३३ जंतू-वसाहती भरल्या. शिफारस होती फार तर ५०० ची.

ही ‘दुर्मीळ जंतूची’ गोष्ट म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. जंतू पाण्यातलाच होता; दुर्मीळ होतं ते पाण्याकडे पाहणं. माठ घासला नाही की आतून बुळबुळीत होतो. दंतखुर्चीच्या बारीक नळ्यांत, रात्रभर साचलेल्या पाण्यात, तोच थर धरतो. ब्लेक नावाच्या संशोधकाने ब्रिटनमध्ये १९६३ सालीच दंतोपचाराच्या पाण्यातल्या जंतूंबद्दल लिहिलं होतं. अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत ५०० ची मर्यादा होती, शस्त्रक्रियेसाठी निर्जंतुक पाणीही सांगितलं होतं. पण शस्त्रक्रियांच्या उदाहरणांत पल्पोटॉमी नव्हती. दाताचा मगज उघडा पडतो, तरी काम किरकोळ धरलेलं. व्याख्येतल्या या फटीतूनच जंतू आत शिरला. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये हेच घडलं, तिथे ७१ मुलं. २०२२ मध्ये तिसऱ्या घटनेनंतर अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राला पुन्हा इशारा द्यावा लागला.

कोणी म्हणेल, जॉर्जियात १,३८६ पल्पोटॉमींमागे २० मुलं, शंभरात जेमतेम दीड. तेवढ्यासाठी प्रत्येक गळवाचा पू तपासायचा? नाही, आणि पल्पोटॉमीला भिऊन किडका दात तसाच ठेवणं तर त्याहून वाईट. पण लागण आणि सूज यांत जॉर्जियात साधारण ६५ दिवस गेले होते. एवढ्यात आई-बाप तो उपचार विसरलेले असतात, आणि बालरोगतज्ज्ञ सहसा विचारत नाहीत. तेव्हा औषधाने न हटणारी सूज आणि मागच्या काही महिन्यांतलं दाताचं काम, ही जोडी दिसली तरच तपासणी, एवढंच मागणं आहे. निर्जंतुक पाणी महाग पडतं हा आक्षेपही टिकत नाही: उघड्या मगजापुरतं लागतं ते सलाइनची एक सिरिंज.

आपल्याकडे गोष्ट आणखी गुंतते. मानेतल्या गाठीला इथे आधी क्षय आठवतो, गंडमाळ हा शब्द काही उगाच रुळलेला नाही. पण रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जंतू सारखेच लाल दिसतात, आणि क्षयाची नेहमीची औषधं ॲब्सेससवर चालत नाहीत. जंतूची नेमकी जात ओळखल्याशिवाय फरक कळत नाही, म्हणून नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर दाताच्या कामाची तारीख हवी.