मज्जारज्जूची दुखापत आणि थंडाव्याचा उपचार

९ सप्टेंबर २००७ची गोष्ट. अमेरिकन फुटबॉलमधल्या बफेलो बिल्स संघाचा केविन एव्हरेट प्रतिस्पर्ध्याला अडवायला गेला आणि धडक बसून जागीच कोसळला. मानेचे मणके सरकले होते, हातपाय हलेनात. संघाचे डॉक्टर अँड्र्यू कॅपुचिनो यांनी रुग्णवाहिकेतच त्याला शिरेतून गार सलाइन सुरू केलं. आणि डिसेंबरमध्ये त्याच स्टेडियममध्ये हा गडी लोकांसमोर स्वतःच्या पायांवर चालला! मग काय, वर्तमानपत्रांना चमत्कार सापडला.

आता यामागचा विचार बघा. मज्जारज्जूला मार दोनदा बसतो. पहिला धडकेचा, तो परतवता येत नाही. दुसरा त्यानंतर काही तास, काही दिवस चालू राहतो. सूज येते, रक्तपुरवठा घटतो, मेलेल्या पेशींमधून ग्लुटामेट बाहेर पडतं आणि शेजारच्या धडधाकट पेशीही मरू लागतात. शरीर गार केलं की पेशींची प्राणवायूची गरज कमी होते, ही साखळी मंदावते. म्हणजे खरं तर आपण फक्त वेळ विकत घेतो.

कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकात प्राण्यांवर असे प्रयोग झाले होते. मायामी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मानेला गंभीर दुखापत झालेल्या १४ रुग्णांना शिरेत नळी घालून ३३ अंश सेल्सिअसपर्यंत गार केलं, ४८ तास. त्यातल्या सहा जणांत सुधारणा दिसली. आशा वाटावी असा आकडा, पण १४ म्हणजे किती हो! शिवाय थंडाव्याशिवायही काही रुग्ण सुधारतातच.

एव्हरेटचंही तेच. त्याला स्टेरॉइड दिलं होतं, त्याच दिवशी शस्त्रक्रिया करून रज्जूवरचा दाब काढला होता. मग श्रेय कुणाला द्यायचं? एका माणसावरून हे ठरवता येत नाही, माझ्या मते ठरवूही नये. शिवाय गारव्याची किंमत असते: हृदयाचे ठोके मंदावतात, रक्त गोठायला वेळ लागतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून हा अजून सर्रास उपचार झालेला नाही.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, मग अपघात झाला तर मानेवर बर्फ ठेवायचा का? नाही. वरून ठेवलेला बर्फ रज्जूपर्यंत पोचत नाही, आणि तो ठेवताना मान हलली तर नुकसान वाढेल. जखमीला उठवून बसवू नका, डोकं-मान आहे तशी धरून ठेवा आणि १०८ला फोन करा.