मैहरचा वाद्यवृंद

लग्नाच्या वरातीपुढे लाल डगले घालून, पितळी कर्णे फुंकीत चालणारा बँड तुम्ही पाहिला असेलच. असा बँड आपल्याकडे इंग्रजी पलटणींबरोबर आला. पुढे संस्थानिकांनी हौसेने आपापल्या दरबारी बँड ठेवले, आणि तेथून तो हळूहळू गावोगावच्या मिरवणुकींत येऊन पोहोचला. परंतु आज मी ज्या बँडची हकीगत सांगणार आहे, तो कोणत्याही मिरवणुकीत चालत नाही. तो बैठक घालून वाजवतो. त्यात सतार आहे, सरोद आहे, सारंगीच्या कुळातला इसराज आहे, आणि त्यांच्या शेजारीच व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, तबला व ढोलकही आहेत. या मंडळीत आणखी एक असे वाद्य आहे की जे तुम्ही अन्यत्र क्वचितच पाहाल. ते बंदुकीच्या नळ्यांचे केलेले आहे.

हा बँड मैहरचा. मुंबईहून जबलपूरमार्गे प्रयागराजकडे जाणारी आगगाडी कटनी मागे टाकते, तेव्हा सतना येण्यापूर्वी मैहर हे स्थानक लागते. गाव लहान, पण शेजारच्या टेकडीवर शारदादेवीचे मंदिर असून हजाराहून अधिक पायऱ्या चढून यात्रेकरू तेथे जातात. आज मैहर मध्यप्रदेश राज्यात आहे. इंग्रजी अमदानीत ते एक छोटे संस्थान होते. त्याच्या राजाला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. त्या काळी तोफांच्या संख्येवरून राजांची थोरवी मोजीत. एकवीस तोफांच्या बड्या संस्थानांपुढे मैहरची काय कथा! तथापि तेथील महाराज ब्रिजनाथसिंह यांना संगीताचा मोठा नाद होता, आणि त्यांनी एका असामान्य पुरुषाला आपला गुरू म्हणून मैहरास आणले. तो पुरुष म्हणजे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. सारे मैहर त्यांना 'बाबा' म्हणे. आपणही तसेच म्हणू.

बाबांचा जन्म आज बांगलादेशात असलेल्या ब्राह्मणबाडिया भागातील शिबपूर या खेड्यात झाला. त्यांच्या जन्मवर्षाविषयी एकमत नाही. कोणी 1862 सांगतात, कोणी 1881. लहानपणीच संगीताच्या वेडाने ते घरातून पळाले. कलकत्त्यास पोटाला अन्न नाही, डोक्यावर छप्पर नाही, अशा स्थितीत दिवस काढून अखेर ते गोपालकृष्ण भट्टाचार्य या थोर गायकांच्या पायाशी जाऊन बसले. गुरूंनी अट घातली, की बारा वर्षे केवळ स्वरसाधना करावी लागेल. बाबांनी ती मान्य केली. पण सात वर्षे होतात न होतात तोच प्लेगने गुरूंना नेले. मुलांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. कारण साथीच्या रोगाचा बाबांच्या आयुष्याशी पुन्हा एकदा संबंध येणार आहे.

गुरू गेल्यावर बाबांनी गाणे सोडले आणि वाद्ये धरली. आणि तीही एक-दोन नव्हेत. एकाकडे सनई, दुसऱ्याकडे क्लॅरिनेट, तिसऱ्याकडे सरोद. कलकत्त्यात लोबो नावाचे एक गोमंतकीय बँडमास्तर होते. त्यांच्याकडे बाबा पाश्चात्य पद्धतीचे व्हायोलिन शिकले. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि युरोपीय स्वरलेखन शिकवण्याची जुनी परंपरा आहे. तेथून बाहेर पडलेले वादक मुंबई-कलकत्त्याच्या बँडांत मोठ्या संख्येने असत. रंगभूमीच्या वाद्यवृंदातही बाबांनी काही काळ नोकरी केली. पुढे रामपूरला जाऊन त्यांनी तानसेनाच्या परंपरेतील वझीर खाँ यांचे शिष्यत्व मिळवले. वझीर खाँ त्यांना दारात उभे करीनात, म्हणून बाबांनी नवाबाच्या गाडीपुढे स्वतःला झोकून दिले, अशी हकीगत सांगतात. अशा रीतीने दरबारी संगीताची खोल विद्या आणि अनेक वाद्ये एकत्र वाजवण्याची बँडची विद्या, या दोन्ही एकाच माणसाच्या ठायी आल्या. असा योग विरळाच. आणि मैहरला जे घडले ते या योगामुळेच घडू शकले.

1918 साली हिंदुस्थानात इन्फ्लुएन्झाची भयंकर साथ आली. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली आणि पावसाळा संपता संपता आगगाडीच्या वाटेने देशभर पसरली. या साथीत देशातील एक कोटीहून अधिक माणसे दगावली. विशेष क्रूरपणा हा, की म्हाताऱ्याकोताऱ्यांइतकेच, किंबहुना त्यांहूनही अधिक, भर तारुण्यातील स्त्रीपुरुष तिला बळी पडले. म्हणजेच ज्यांच्या घरी लहान मुले होती असे आईबाप गेले. महामारीच्या त्या दिवसांत मैहरमध्येही अनाथ मुलांचा प्रश्न उभा राहिला. त्यांना जेवूखाऊ घालणे हे राज्याचे काम होते, आणि ते महाराजांनी केले. पण बाबा त्या मुलांना संगीत शिकवू लागले. सतार-सरोद शिकायला जन्म जातो अशी ज्या काळाची समजूत, त्या काळात ज्यांच्या घराण्यात कोणी कधी वाद्याला हात लावला नव्हता अशी पोरे त्यांनी पुढ्यात घेतली. त्या काळी उस्ताद आपली विद्या पुत्राला किंवा पुतण्याला देत, परक्याला देताना हात आखडत. बाबांना स्वतःला रामपूरला याचा अनुभव आला होता. म्हणूनच मला हे कृत्य फार मोठे वाटते.

आता प्रश्न वाद्यांचा. मुलांसाठी पुरेशी वाद्ये आणायची कोठून? काही जमवली, काही बाबांनी स्वतः घडवली. सतार आणि बँजो यांच्या मिश्रणातून त्यांनी 'सितार-बँजो' हे वाद्य तयार केले. गजाने वाजवायचे 'चंद्रसारंग' हीही त्यांचीच कल्पना. परंतु सर्वांत नवलाचे ठरले ते नलतरंग. जलतरंग तुम्हांला ठाऊक आहे. त्यात चिनीमातीच्या पेल्यांत कमीजास्त पाणी भरून काड्यांनी स्वर काढतात. बाबांनी पेल्यांच्या जागी बंदुकीच्या पोलादी नळ्या घेतल्या. त्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून ओळीने मांडल्या आणि त्यांवर काड्यांनी आघात करून स्वर काढले.

ऐकायला हे सोपे वाटते. पण असे वाद्य स्वरात लावणे किती कठीण आहे, ते पाहू. सतारीची किंवा व्हायोलिनची तार बरोबर मध्यावर दाबली, की वरच्या सप्तकातील तोच स्वर निघतो. निम्मी लांबी, एक सप्तक. नळीचा हिशेब निराळा आहे. सारख्या जाडीची नळी निम्मी कापली, तर तिचा स्वर एक नव्हे, दोन सप्तके वर चढतो. एकच सप्तक चढवायचे असेल, तर 20 अंगुळे लांबीच्या नळीच्या जोडीला सुमारे 14 अंगुळांची नळी लागते. मधले सारे स्वर या सहा अंगुळांच्या फरकात बसवायचे! त्यात बंदुकीची नळी मुळाशी जाड व तोंडाशी पातळ असते; त्यामुळे हिशेबाची आकडेमोड तेथे पुरती लागू पडत नाही. प्रत्येक नळी वाजवून, कानाने तोलून, थोडी थोडी कमी करावी लागते. तार जास्त ताणली गेली तर सैल करता येते. नळी मात्र गव्हाच्या दाण्याएवढी जास्त कापली गेली, तरी तो तुकडा पुन्हा जोडता येत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. नळी कोठेही टेकवून चालत नाही. आघात होताच तिचा मध्य आणि दोन्ही टोके थरथरतात, पण प्रत्येक टोकापासून लांबीच्या चौथ्या हिश्शाहून किंचित अलीकडे एक जागा जवळजवळ स्थिर राहते. तेथे आधार दिला तर नळी घंटेसारखी निनादते. टोकाला मुठीत धरली तर नुसते 'ठक्' होते. घरात एखादा लोखंडी नळीचा तुकडा असल्यास तो त्या जागी दोऱ्याने टांगून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

वाद्ये झाली, मुले झाली. तरी वाद्यवृंद झाला असे नव्हे. आपले शास्त्रीय संगीत मुख्यतः एकट्याचे आहे. गायक किंवा वादक मैफलीत बसतो, मनात येईल तसा राग फुलवतो, आणि तबलजी व इतर साथीदार त्याच्या मागून जातात. प्रत्येकाचा षड्ज त्याच्या सोयीचा. बँडमध्ये ही मोकळीक नाही. हार्मोनियम आणि नलतरंग यांचे स्वर कायमचे ठरलेले. त्यामुळे सतार, सरोद, व्हायोलिन या साऱ्यांनी आपल्या तारा त्यांच्याशी जुळवून घ्यायच्या. शिवाय सतारीवर तार खेचून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. त्यास आपण मींड म्हणतो. नलतरंगाला ते जमत नाही. तेव्हा कोणती ओळ सर्वांनी मिळून वाजवायची, कोणती केवळ गजाच्या वाद्यांना द्यायची आणि कोठे नलतरंगाला पुढे आणायचे, हे रचनाकाराने आधीच ठरवून ठेवावे लागते. बाबांनी अशा रचना वेगवेगळ्या रागांत बांधल्या, आणि पाश्चात्य वळणाच्या काही धूनही बसवल्या. युरोपीय वाद्यवृंदात एकाच वेळी निरनिराळे स्वर मिळवून जो परिणाम साधतात, त्याच्या मागे ते फारसे लागले नाहीत. सर्वांनी मिळून एकच स्वरावली शुद्ध वाजवणे, हा त्यांचा मुख्य आग्रह होता.

हे काम किती अवघड असते याचा थोडा अनुभव मलाही आहे. माझ्या शाळेत मी एकदा दहा-बारा मुलांचे वाद्यपथक उभे केले होते. त्यातील प्रत्येक मुलगा एकटा असता उत्तम वाजवी. एकत्र बसवताच जो तो शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने वाजवू लागे, आणि लय तर दर ओळीला वाढत जाई. तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आले, की त्यांना वाजवायला नव्हे, ऐकायलाच शिकवायला हवे होते. मैहरच्या मुलांना हे शिकवताना बाबांना किती खपावे लागले असेल, याची कल्पना मला त्या दिवशी आली. बाबांचा राग प्रसिद्ध होता. शिष्याची चूक झाली की ते कडक शिक्षा करीत. पुढे जगप्रसिद्ध झालेले शिष्यही त्यांच्यापुढे थरथर कापत. त्यांचा तो राग अनुकरण करण्याजोगा होता असे मी म्हणणार नाही. पण त्याच बाबांनी आपल्या कन्येला, अन्नपूर्णादेवींना, पुत्र अली अकबर खाँ यांच्या बरोबरीने पूर्ण विद्या दिली, हेही विसरता येत नाही. पाच वेळा नमाज पढणारा हा पुरुष शारदादेवीचाही निस्सीम भक्त होता.

1935-36 साली उदयशंकर यांच्या नृत्यमंडळीबरोबर बाबा युरोपात गेले. उदयशंकरांचे धाकटे बंधू रविशंकर 1938 साली मैहरला येऊन राहिले आणि बाबांपाशी सतार शिकले. याच रविशंकरांनी 1952 साली आकाशवाणीच्या दिल्ली येथील वाद्यवृंदाचे संचालन हाती घेतले. पुढे 1956 मध्ये बाबांचेच दुसरे शिष्य, बासरीवादक पन्नालाल घोष, त्या जागी आले. मैहरच्या बैठकीत जे बीज पडले होते, त्याला दिल्लीत पालवी फुटली असे म्हणावयास हरकत नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर 1948 साली मैहर संस्थान विंध्यप्रदेशात विलीन झाले, आणि 1956 पासून ते मध्यप्रदेशात आहे. दरबार गेला की दरबारी बँडही बहुतेक ठिकाणी बंद पडला. वाद्ये माळ्यावर गेली आणि वादक पोटासाठी पांगले. मैहरचा बँड मात्र टिकला. 1955 साली बाबांनी मैहरला संगीत महाविद्यालय सुरू केले, आणि वाद्यवृंदाचा भार राज्य सरकारने उचलला. बाबांना 1958 साली पद्मभूषण आणि 1971 साली पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. 6 सप्टेंबर 1972 रोजी मैहरलाच त्यांनी देह ठेवला.

साथीतून वाचलेली ती पहिली मुलेही आता राहिली नाहीत. त्यांची नावे संगीताच्या मोठ्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीत, कारण वृंदात वाजवणाऱ्याचे नाव श्रोता विचारीत नाही. पण बाबांच्या रचना प्रथम त्यांनीच हातात बसवल्या, आणि त्यांच्याकडून त्या पुढच्यांकडे गेल्या. येथे एक अडचण आहे. रचनेचे स्वर कागदावर उतरवता येतात. परंतु अमुक ठिकाणी सरोदचा आघात किती हलका असावा, ढोलकीने कोठे क्षणभर थांबावे, हे शेजारी बसून वाजवल्यावाचून कळत नाही. म्हणून जुना वादक निवृत्त होण्यापूर्वी त्याच्याजवळ नवा वादक काही वर्षे बसलेला असला पाहिजे. मध्ये एखादी जागा दीर्घकाळ रिकामी राहिली, तर तेवढी साखळी तुटते. मग वाद्य असते, कागद असतो, आणि रचना गेलेली असते.

दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास मैहरला बाबांच्या स्मरणार्थ संगीताचा समारोह भरतो. देशातील नामांकित गायक-वादक तेथे हजेरी लावतात, आणि गावचा वाद्यवृंदही त्यांच्या बरोबरीने बसतो. सतारी जुळवल्या जातात, व्हायोलिने जुळवली जातात. नलतरंग वाजवणारा तेवढा स्वस्थ बसलेला असतो. त्याच्या नळ्या बाबांनी शंभर वर्षांपूर्वी कापल्या, तेव्हाच स्वरात लागलेल्या आहेत.