भिरंडेल : कोकमाच्या बियांतील अहिंसक मलम

मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या भागांत उन्हाळ्यात भिरंडे पिकू लागली, की घरोघरी सोलांची लगबग सुरू होते. फळाची साल वेगळी करून तिला रसाची व मिठाची पुटे द्यावयाची आणि कडक उन्हात वाळवावयाची. हेच आमसूल पुढे व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून आपल्या डाळीत, आमटीत पोहोचते. ‘सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम’ या नावाने त्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु साल काढल्यावर मागे राहणाऱ्या बियांचा विचार आपण क्वचितच करतो. त्या बियांतच कोकणातील जुन्या घरांचे औषध दडलेले आहे. त्यास कोणी भिरंडेल म्हणतात, कोणी मुठेल, तर कोणी नुसतेच कोकमतेल.

नाव तेल असले तरी पदार्थ घट्ट असतो. बिया राखेत चोळून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवितात. टरफले काढून आतील गर कुटतात आणि पाण्यात घालून उकळतात. स्निग्धांश वर तरंगतो. रात्रभर निवल्यावर त्याचा थर जमतो. तो पुन्हा वितळवून, गाळून, कोमट असताना मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. बियांच्या वजनाच्या सुमारे पाव भाग स्निग्धांश मिळतो. म्हणजे चार किलो सुक्या बियांमागे साधारण एक किलो.

या गोळ्याचा गुण त्याच्या घडणीत आहे. त्यात स्टिअरिक आणि ओलिइक ही दोन स्निग्धाम्ले प्रामुख्याने असतात. पहिल्यामुळे तो घट्ट राहतो, दुसऱ्यामुळे त्वचेवर सहज पसरतो. सुमारे ३८ ते ४० अंश सेल्सिअसला तो वितळतो. म्हणून डब्यात दगडासारखा असलेला गोळा तळहातावर चोळताच मऊ होतो. त्वचेवर त्याचा पातळ थर बसतो आणि आतील ओलावा उडून जाण्याचा वेग मंदावतो. थंडीत फुटलेले ओठ, कोरडे पडलेले कोपर, अनवाणी चालून भेगाळलेल्या टाचा यांना त्यामुळे आराम पडतो. यात कोणताही चमत्कार नाही.

जैन कुटुंबांना या साध्या पदार्थाचे महत्त्व अधिक वाटावे, यास वेगळे कारण आहे. आपण ताटातील पदार्थाबाबत जितके सावध असतो, तितके अंगाला लावण्याच्या पदार्थाबाबत असतोच असे नाही. ओठांच्या मलमात मधमाशांचे मेण असते, काही क्रीममध्ये मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन असते, लालीच्या काही छटांत कोचिनील किड्यांपासून केलेला कार्माइन रंग असतो. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पतीचेही असू शकते आणि प्राण्यांच्या चरबीचेही. वेष्टनावरील नावावरून ते कळत नाही. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर आणि त्याच वर्षी अशा चाचण्या झालेल्या मालाच्या आयातीवर बंदी घातली, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र ती बंदी चाचणीवर आहे, घटकांवर नाही.

घरगुती म्हटलेली प्रत्येक कृतीही आपल्या आचारात बसते असे नाही. चेहऱ्याच्या लेपात सर्रास सांगितला जाणारा मध आपल्याला वर्ज्य. श्वेतांबर परंपरेतील बत्तीस अनंतकायांत कोरफडही येते. ओली हळद कंदमूळ म्हणून टाळणारी घरे सुकी हळद वापरतात. भिरंडेलाबाबत असा प्रश्न उद्भवत नाही. फळ झाडावर पिकलेले, बी एरवी टाकून दिले जाणारे. बिया निवडून, किडक्या बाजूला काढून, गाळलेल्या पाण्यात दिवसाउजेडी उकळल्या, तर यतनेचाही सांभाळ होतो.

घरच्या मलमासाठी एक भाग भिरंडेल आणि दोन भाग घाण्याचे खोबरेल घ्यावे. गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात दोन्ही वितळवून कोरड्या काचेच्या बरणीत ओतावे. यात मेण लागत नाही. पाण्याचा अंश नसल्याने टिकाऊपणासाठी वेगळे रसायनही लागत नाही; मात्र ओले बोट बरणीत घालू नये. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून टाचांना चोळावे व सुती मोजे घालावेत. प्रथम वापरताना कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. खवट वास आल्यास टाकून द्यावे.

औषधाची मर्यादा ठाऊक असणेही आवश्यक आहे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांना भिरंडेल लावू नये. तेथे ओल कोंडली की बुरशी अधिक वाढते. ताज्या भाजण्यावर स्निग्ध पदार्थ न लावता प्रथम थंड पाण्याची धार धरावी. मधुमेह असलेल्यांनी टाचेच्या खोल भेगेवर घरी प्रयोग न करता वैद्यकीय सल्ला घ्यावा. भेगांना बिब्याचे तेल लावण्याची जुनी रीत तर सोडूनच द्यावी, कारण त्याने त्वचेवर फोड येतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यासही त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतात.

व्यापारी कुटुंबांनी या गोळ्याकडे हिशेबाच्या नजरेनेही पाहावे. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये कोकोच्या स्निग्धांशाबरोबर ५ टक्क्यांपर्यंत वापरण्यास ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना मान्यता दिली, त्यांत कोकम आहे. प्रसाधन उद्योगालाही ते हवे असते. बी कच्च्या रूपात स्वस्तात गावाबाहेर जाते आणि तीच क्रीमच्या सुबक डबीतून महाग होऊन परत येते. यातील मोठा नफा बी फोडणाऱ्या हातांपर्यंत पोहोचत नाही. विक्रीसाठी प्रसाधन बनवावयाचे तर १९४० चा औषधे व प्रसाधने कायदा आणि २०२० चे प्रसाधन नियम यांनुसार परवाना लागतो. घरच्या वापरासाठी त्याची गरज नाही.

तेव्हा आमसुलांची खरेदी करताना त्याच घरातून चार गोळे मुठेलाचेही मागावेत आणि दर पाडून मागू नये. शुद्ध गोळा पांढुरका व कडक असतो. सावलीतही लोण्यासारखा मऊ लागला, तर भेसळीची शंका घ्यावी. मागणी नियमित राहिली, तरच पुढच्या हंगामात बिया उकिरड्यावर न जाता उन्हात वाळत पडतील.