मुक्या जिवाचे अन्न कोणत्या कायद्यात?

आजही आपल्या वस्त्यांमध्ये अनेक घरी दोन वेळची चूल पेटवताना ओढाताण होते. अशा वेळी कुत्र्या-मांजरांच्या खाद्यावर लेख कशाला, हे तर श्रीमंतांचे चोचले, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. पण वाचकहो, हा प्रश्न फक्त बंगल्यातल्या कुत्र्याचा राहिलेला नाही. आता किराणा दुकानातही कुत्र्याच्या खाद्याची लहान पाकिटे मिळतात. दारात राखणीला बसणाऱ्या कुत्र्याला पोरे ती हौसेने आणून घालतात. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या आपल्या भगिनींना मालकाच्या कुत्र्याची ताटलीही घासावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जनावराच्या अन्नात भेसळ करणारा हात माणसाच्या अन्नापाशी येऊन थांबत नाही. हे आम्ही हवेत बोलत नाही. घडलेल्या गोष्टीच वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेत काय घडले?

2007 सालच्या सुरुवातीला अमेरिकेत आणि कॅनडात पाळीव कुत्री-मांजरे आजारी पडू लागली. उलट्या होत, खाणे सुटे आणि शेवटी मूत्रपिंड निकामी होऊन जनावर मरे. कॅनडातील ‘मेनू फूड्स’ ही कंपनी अनेक नामवंत छापांसाठी डबाबंद खाद्य तयार करून देत असे. फेब्रुवारीतच तिच्याकडे तक्रारी आल्या. पुढे तिच्या स्वतःच्या चाचणीतही मांजरे दगावली. तरी बाजारातला माल परत बोलावायला 16 मार्च उजाडला. डबे आणि पाकिटे मिळून हा माल 6 कोटींहून अधिक नगांचा होता! नावे वेगळी, किमती वेगळ्या, पण आतला माल एकाच कंपनीचा. जास्त पैसे मोजणाऱ्याचे जनावरही वाचले नाही.

चौकशीत कळले की, चीनहून आणलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनात, मेलामाईन मिसळले होते. ज्यापासून न फुटणाऱ्या ताटल्या बनतात तेच हे रसायन. ते खाद्यात का घालावे? तर प्रथिने किती आहेत हे तपासण्याच्या रूढ पद्धतीत नायट्रोजन मोजतात, आणि मेलामाईनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. मस्टरवरच्या सह्या मोजून कामावर किती माणसे आली हे ठरवायचे झाले, तर खोट्या सह्यांनीही हजेरी भरते. हा तसाच प्रकार होता. हलका माल कागदावर कसदार ठरला. मेलामाईन आणि त्याच्या जोडीचे सायन्युरिक आम्ल एकत्र येऊन जनावरांच्या मूत्रपिंडात खडे धरले.

किती जनावरे मेली? मालकांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवलेला आकडा सुमारे 1,950 मांजरे आणि 2,200 कुत्री असा आहे. या साऱ्यांची तपासणी होऊन खात्री झालेली नव्हती. कारण माणसांच्या साथीची नोंद सरकार ठेवते, तशी पाळीव जनावरांच्या आजारांची नोंद ठेवणारी यंत्रणाच नव्हती. जिथे नोंद नाही, तिथे गुन्ह्याचा हिशेब कोण मागणार?

कायदा होता, पण दात नव्हते

अमेरिकेच्या 1938 सालच्या कायद्यात ‘अन्न’ या शब्दात माणसाबरोबर जनावराचेही अन्न येते. पण लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीसारखे मोजके अपवाद सोडले, तर दूषित खाद्य परत मागवण्याची सक्ती करण्याचा अधिकार तिथल्या प्रशासनाला नव्हता. कंपनीने आपणहून माल मागे घ्यावा, एवढीच वाट पाहायची. हा अधिकार मिळाला तो 4 जानेवारी 2011 रोजी सही झालेल्या नव्या अन्नसुरक्षा कायद्याने. जनावरांच्या खाद्याच्या कारखान्यांनी धोका आधीच ओळखून टाळावा, असे नियम त्यापुढे 2015 साली आले.

मग सारे सुरळीत झाले काय? नाही. 2020 च्या अखेरीस अमेरिकेतीलच ‘मिडवेस्टर्न पेट फूड्स’ कंपनीच्या खाद्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष सापडले. शंभराहून अधिक कुत्री दगावल्याच्या तक्रारी आल्या. म्हणजे नुसता कायदा पुरत नाही. तपासणारा माणूस कारखान्याच्या दारात उभा राहावा लागतो.

विष माणसापर्यंत येते

2007 मध्ये या दूषित खाद्याचा उरलासुरला माल डुकरांना आणि कोंबड्यांना घातला गेला होता. त्यातल्या काही कोंबड्या लोकांच्या पोटातही गेल्या. माणसांना धोका फार कमी आहे, असे तिथल्या सरकारने सांगितले. पण पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, चीनमध्ये हेच मेलामाईन, त्याच लबाडीसाठी, लहान मुलांच्या दुधात निघाले. सुमारे 3 लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. भारत सरकारने त्या सप्टेंबरात चिनी दुधाच्या आयातीवर बंदी घातली. कुत्र्या-मांजरांच्या मरणाने दिलेला इशारा जगाने वेळीच ऐकला असता तर?

2012 साली तर कुत्र्याच्या कोरड्या खाद्यातील साल्मोनेला जंतूंनी अमेरिका-कॅनडातील 49 माणसे आजारी पडली. खाद्याला हात लागणे, किंवा ते खाणाऱ्या जनावराशी संपर्क येणे, एवढे त्याला पुरे होते. ताटली घासणाऱ्या भगिनींचा उल्लेख आम्ही केला तो यासाठीच.

आपल्या देशातही हे घडले आहे. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील 200 हून अधिक गावांत काविळीची साथ आली. अवकाळी पावसात भिजलेला, बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे मेली. बहुतेक गरीब आदिवासी. त्याच घरांतला तोच मका खाणारी कुत्रीही तशाच आजाराने मेली. विषाला माणूस आणि जनावर असा भेद कळत नाही.

कायद्याला मात्र तो कळतो! आपल्या 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यात अन्न म्हणजे माणसाने खायचे अन्न. जनावरांचे खाद्य त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. भारतीय मानक ब्यूरोचे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी मानक आहे, पण ते पाळणे उत्पादकाच्या मर्जीवर आहे. गायी-म्हशींच्या खाद्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, तेही दिसले आहे. 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले, तेव्हा 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघाले. हे विष दुधात येते ते जनावराच्या चाऱ्यातून आणि पेंडीतून. शेवटी ते आपल्या लेकरांच्याच पेल्यात पडते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जनावरांच्या सर्व तयार खाद्याला मानक सक्तीचे करा. कारखान्यांची नियमित तपासणी करा आणि आजारी जनावरांची नोंद ठेवणारी व्यवस्था उभी करा.

घरी काय पाळावे?

शासन जागे होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसू नये. पाकिटावर उत्पादकाचे नाव, पत्ता, महिना आणि किंमत नसेल तर ते घेऊ नये. फुगलेला डबा, कुबट वास, बुरशी दिसली तर फेकून द्यावे. बुरशी आलेली भाकरी आपण खात नाही, ती कुत्र्याला, शेळीला, कोंबडीलाही घालू नये. जनावराची ताटली घरच्या भांड्यांत मिसळू नये. खाद्याला हात लागला की साबणाने हात धुवावेत, विशेषतः लहान मुलांचे. खाद्य संपेपर्यंत पाकीट आणि पावती जपून ठेवावी. जनावर आजारी पडलेच तर तेच पाकीट घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे.

दुकानदाराने उडवून लावले तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धोकादायक माल परत मागवण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला आहे. जिल्हा आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी पडत नाही. दहा-वीस रुपयांच्या पाकिटासाठी कोण भांडत बसणार, असे म्हणू नये. त्या भरवशावरच नफेखोरांचा धंदा चालतो. मुके जनावर तक्रार लिहू शकत नाही. आपल्याला लिहिता येते, तर आपण ती लिहिली पाहिजे.