मूल सांभाळून पदवी पूर्ण करता येते का? नियम काय सांगतात आणि गणित कुठे अडते?

मुक्त विद्यापीठांचे प्रवेश सुरू झाले की अनेक घरांत एक जुना विषय पुन्हा निघतो. लग्नामुळे किंवा बाळंतपणामुळे शिक्षण सुटलेली सून, वहिनी किंवा बहीण म्हणते, ‘यंदा फॉर्म भरावा म्हणतेय.’ घरचेही सहसा नाही म्हणत नाहीत. ‘भर की, कोण अडवतंय?’ असे उत्तर मिळते. खरी अडचण फॉर्म भरल्यानंतर सुरू होते.

गेल्या दहा वर्षांत विद्यापीठांचे नियम बरेच लवचिक झाले आहेत. रजा, मध्येच थांबणे, परत येणे या सगळ्याची सोय कागदावर आहे. दिवसाचे तास मात्र २४च आहेत. म्हणून नियम आणि तास, दोन्ही समजून घेऊ.

गरोदर विद्यार्थिनीला मातृत्व रजा मिळते का?

नोकरदार महिलेला कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. विद्यार्थिनी कर्मचारी नसते, त्यामुळे हा नियम तिला लागू होत नाही. तिची रजा विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असते.

पीएच.डी.साठी चित्र स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२च्या नियमावलीनुसार संशोधक महिलेला संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा देता येते. प्रबंधासाठी सहा वर्षे आणि फेरनोंदणीची दोन वर्षे अशी सर्वांची मुदत आहे. महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे एकूण दहा वर्षे. संशोधक वडिलांसाठी मात्र अशी तरतूद नाही. मूल सांभाळणे हे आईचेच काम, हे इथे नियमानेही गृहीत धरले आहे.

बी.ए., बी.कॉम., एम.एस्सी. अशा अभ्यासक्रमांचे काय? यूजीसीने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवून पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही मातृत्व रजेचे नियम करा, हजेरी आणि परीक्षा अर्जाच्या मुदतीत सूट द्या, असे कळवले. नियम करण्याचे काम मात्र विद्यापीठांवर सोडले. केरळने जानेवारी २०२३ मध्ये राज्यातील विद्यापीठांत १८ वर्षांवरील विद्यार्थिनींना ६० दिवसांपर्यंतची मातृत्व रजा देण्याचा निर्णय घेतला.

मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर एम.एड.च्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण आले. मातृत्व रजेमुळे तिची हजेरी कमी पडत होती आणि विद्यापीठाने सूट नाकारली होती. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. शिक्षण की मातृत्व, यातून एकाची निवड करायला महिलेला भाग पाडता येणार नाही, असा या निकालाचा आशय होता.

यातून घ्यायचा धडा: तोंडी विचारणा पुरेशी नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून आधीच लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्या. नंतर टर्म नाकारली गेली किंवा विषय एटीकेटीत गेले, तर हाच कागद कामी येतो.

मध्येच थांबावे लागले तर आधीचे वर्ष वाया जाते का?

पूर्वी प्रथम वर्ष करून थांबलेल्या मुलीच्या हातात फक्त गुणपत्रिका उरायची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची मोजणी क्रेडिटमध्ये, म्हणजे श्रेयांकांत होते. पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक आणि चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केला तर प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनंतर ८० श्रेयांकांवर याच पद्धतीने पदविका, तर तीन वर्षांनंतर १२० श्रेयांकांवर पदवी मिळते.

यूजीसीच्या पदवी आराखड्यानुसार बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. नव्या धोरणानुसार प्रवेश घेतलेल्यांना याचा थेट उपयोग आहे. जुन्या अभ्यासक्रमात शिकणे सोडलेल्यांनी मात्र आपले जुने विषय नव्या रचनेत धरले जातील का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे.

दूरशिक्षणाची पदवी ‘खरी’ मानली जाते का?

हो. यूजीसीची मान्यता असलेल्या संस्थेतून घेतलेली दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत. इग्नू १९८५ पासून आहे. मुंबई विद्यापीठासारखी पारंपरिक विद्यापीठेही दूरशिक्षण देतात.

पण प्रत्येक विषय असा शिकता येत नाही. इंजिनीअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा या पदव्या दूरशिक्षणाने घेता येत नाहीत. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि काही आरोग्य अभ्यासक्रमही या यादीतून बाहेर गेले. ‘घरबसल्या बी.टेक.’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

मग गणित कुठे अडते?

दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचा साधारण ३० तासांचा अभ्यास. पुस्तक वाचणे, असाइनमेंट लिहिणे, परीक्षेची तयारी हे सगळे त्यात आले. त्यावरून हिशेब असा:

- एका वर्षाचे ४० श्रेयांक = १,२०० तास
- आठवड्याला = सुमारे २३ तास
- रोज = सुमारे ३ तास १८ मिनिटे

आता दिवसाकडे पाहू. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिलांचा रोजचा वेळ सरासरी २८९ मिनिटे, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. मुलांची किंवा घरातील इतरांची देखभाल करणाऱ्या महिलांची १३७ मिनिटे त्यात जातात, पुरुषांची ७५.

ढोबळ बेरीज केली तर एका महिलेची घरकाम आणि देखभालीत ४२६ मिनिटे, म्हणजे सात तासांहून थोडा जास्त वेळ जातो. सात तासांची झोप धरा. आठ तासांची नोकरी आणि दीड तासाचा प्रवास असेल तर दिवसात उरतात २४ मिनिटे. अंघोळ आणि जेवण त्यातच उरकायचे! नोकरी नसेल तरी मूल लहान असताना दिवसभरात सलग तासभर मिळणे कठीण. अभ्यास मग रात्री अकरानंतरच्या वेळेवर ढकलला जातो. चार महिन्यांनी असाइनमेंटची तारीख चुकते आणि ‘आपल्याला जमलंच नाही’ असे तिला वाटू लागते. तिच्याकडे तास नव्हतेच, हे कुणी मोजलेलेच नसते.

तास आणायचे कुठून?

दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे वेग कमी करणे. अनेक दूरशिक्षण अभ्यासक्रमांत तीन वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांपर्यंतची मुदत मिळते. १२० श्रेयांक सहा वर्षांत विभागले तर रोजचा अभ्यास ३ तास १८ मिनिटांवरून सुमारे १ तास ४० मिनिटांवर येतो. पदवी उशिरा मिळेल, पण अर्ध्यात सुटण्याचा धोका कमी होईल. ‘तीन वर्षांचा कोर्स सहा वर्षं करतेय’ यात कमीपणा काही नाही. नियमाने दिलेली मुदत ती वापरते आहे.

दुसरा मार्ग म्हणजे घरातल्या कामाची नव्याने वाटणी. ‘कधी मदत लागली तर सांग’ या आश्वासनाने वेळ मोकळा होत नाही. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी मुलाचे जेवण आणि झोपवणे बाबांकडे, रविवार सकाळ आजी-आजोबांकडे, असे ठरलेले काम ठरलेल्या माणसाकडे गेले तरच होतो. रोजचा एक तास दिला तर वर्षाला ३६५ तास होतात. वरच्या हिशेबाने ते सुमारे १२ श्रेयांक झाले.

प्रवेशाआधी काय तपासाल?

- मान्यता: यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ आणि नेमका अभ्यासक्रम, दोन्ही शोधा. संस्थेला मान्यता आहे म्हणजे तिच्या प्रत्येक कोर्सला आहे असे नाही.
- नाव: दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे आणि आधारवर सासरचे नाव असेल तर अकॅडमिक बँकेचा आयडी काढतानाच अडचण येऊ शकते. दूरशिक्षण प्रवेशाला लागणारा ‘डेब आयडी’ याच आयडीवर निघतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल आधीच हाताशी ठेवा.
- कमाल मुदत: किमान किती वर्षे हे जाहिरातीत असते. जास्तीत जास्त किती आणि उशीर झाल्यास फेरनोंदणीचे शुल्क किती, हे माहितीपुस्तिकेत शोधा.
- परीक्षा केंद्र: इग्नूच्या सत्रांत परीक्षा साधारण जून आणि डिसेंबरमध्ये होतात आणि परीक्षा अर्ज भरताना केंद्र निवडता येते. बाळंतपणासाठी माहेरी असाल तर तिथले केंद्र घेता येईल.
- पहिले सत्र: पहिल्या सत्रात शक्य तितके कमी विषय घ्या. सहा महिन्यांत प्रत्यक्ष किती तास मिळाले ते वहीत लिहा आणि पुढचे विषय त्यावरून ठरवा.

यंदा घरात कुणी फॉर्म भरत असेल, तर शुल्काचे पैसे कोण देणार हे नक्कीच ठरेल. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारा: रोजचा कोणता तास तिचा आणि त्या तासात मूल कोणाकडे? याचे उत्तर एखाद्या माणसाच्या नावासह मिळाले, तर पदवीची निम्मी तयारी झाली असे समजा.